खोडरबर न घेता

खालच्या बकाल्यातून एक जाड वही आणली,
स्पायरलची, कोऱ्या पानांची.
कुंजुमोनने सवयीने सोबत खोडरबर पुढे सरकवलं.
मी परत केलं.
का केलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

जून लागला होता. रुवीत या दिवसांत
मुलं खाली उतरतात ती रात्री आठनंतर,
तोवर घसरगुंडीचा पत्रा भाकरी भाजेल इतका तापलेला.
मिहिकाला म्हटलं, रोज एक पान.
मगरीबची अजान झाली की, जेवणाआधी.
चांगलं नको काढूस. नुसतं काढ.

पहिल्या दिवशी दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य,
नदी, झोपडी, चारच्या आकड्याचे पक्षी.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी तेच, नदी जरा रुंद.
खिडकीबाहेर डोंगर होतेच की, खरे,
करपलेल्या विटेच्या रंगाचे, अंगावर एक झाड नसलेले.
पण तेही चित्रात येऊ शकतात
हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.
मीही नाही सांगितलं. जीभ चावून बसलो.

मी दिवसभर एसीच्या डक्टच्या रेषा काढतो,
पडद्यावर, सरळ, मिलिमीटरला पक्क्या.
चुकलं की एक बटण,
आणि चूक कधी झालीच नव्हती.

त्याच्या कितीतरी आधी, खेडच्या शाळेतून
एलिमेंटरीला बसलो होतो.
सरावाला वस्तुचित्र : तांब्या, वांगं, घडी घातलेला टॉवेल.
सरांनी लाल पेन्सिलीने माझ्या तांब्यावर
त्यांचा तांब्या काढला.
पुढे क श्रेणी आली. मग मी काही काढलं नाही.
वांगं मात्र जमलं होतं.
ते कोणी बोललं नाही.

अकराव्या दिवशी मिहिकाने काढला
एसीचा बाहेरचा डबा, त्यातून गळणारं पाणी,
खाली रंगाची जुनी बादली,
काठावर कबुतर, शेपटी वर, चोच आत.
"हे काय काढलंस?" असं विचारणार होतो,
तोंडातून निघालं, "इथे काय चाललंय?"

पाऊण तास बोलत होती.
कबुतराचं नाव, समोरच्या इमारतीतल्या कबुतराशी त्याचं वैर,
मोतालेब वॉचमन ती बादली कधीच का ओतून देत नाही,
त्याच्या गावी म्हणे एवढं मोठं तळं आहे,
त्याला पाणी फेकवत नाही.
मला हे काहीच ठाऊक नव्हतं.
चार वर्षं त्याच दारातून जातो येतो.
आमटी निवली.

तापात होती त्या दिवशी पानावर एक ठिपका,
खाली तारीख.
एकदा रागाने काळा खडू इतका घासला
की कागद फाटून मागचं पान दिसलं.
शरयूने तेही फाडू दिलं नाही.
ऑफिसातला एकजण म्हणाला, क्लास लावा,
ऑनलाइन असतात, सर्टिफिकेट देतात.
घरी येऊन सांगितलं, तर शरयूने
माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ऑगस्टात एका संध्याकाळी वही माझ्याकडे फिरली.
"आजचं पान तुझं."
अठ्ठावीस वर्षांनी हातात पेन्सिल,
टेबलावर शेजारच्या उम्म सलीमने पाठवलेला
काहव्याचा थर्मास.
झाकणाचा गोल काही गोल येईना.
हात आपोआप खोडरबराकडे गेला,
जिथे खोडरबर नव्हतं.

तिने हनुवटी मुठीवर टेकली.
"इथे काय चाललंय, बाबा?"

थर्मास आहे गं. थोडा वाकडा झालाय.
मग थांबलो,
आणि त्याच्या शेजारी हळूच एक वांगं काढलं.

"वांगं कुठाय इथे?"

आहे, म्हटलं,
आणि देठ काढायला घेतलं.